ऐकीव नको

आर्ब्रोथच्या लाल दगडी चर्चमध्ये
फेब्रुवारीत आम्ही अकरा जण,
त्यातले चार अंगातला कोट न काढता बसलेले.
पाळक म्हणाले,
आज सिस्टर सत्वशीला साक्ष देतील.

मी कागद आणला होता.
त्यावर पणजोबांचा बाप्तिस्मा, दुष्काळाचं साल,
याच देशातून बोटीत बसून
जालन्याला आलेला एक दाढीवाला डॉक्टर.
सगळं खरं,
आणि सगळं ऐकीव.

माझे वडील जालन्याच्या कोर्टात पट्टेवाले.
साक्षीदाराच्या नावाचा तीनदा पुकारा करायचे,
तिसऱ्या वेळी आवाज फाटायचा.
रात्री ताटावर बसले की म्हणायचे,
ऐकीव साक्ष उभी राहत नाही, पोरी.
तू काय पाहिलंस ते सांग.
तू कुठं उभी होतीस ते सांग.

मी कागदाची घडी घातली.

मी उभी होते बारा नंबरच्या खोलीत,
हातात ओला स्पंज,
पहाटेचे पावणेचार.
पलंगावर डूगल लॅमंट,
चाळीस वर्षं बोटी बांधलेला माणूस,
ओठांना भेगा, छातीत भरती-ओहोटी.
फाइलवर लिहिलेलं: धर्म नाही. प्रार्थना नको.
आणि मीही सही दिलेली, नोकरीच्या पहिल्या दिवशी,
की खाटेपाशी देवाचा विषय काढणार नाही.
वधस्तंभाची साखळी युनिफॉर्मच्या आत,
सेफ्टी पिनेनं टाचलेली.

मी गुणगुणत होते. मला कळलंही नव्हतं.
आई भाकरी थापताना म्हणायची ते भजन.
त्यानं डोळे उघडले.
म्हणाला, तू त्यांच्यातलीच ना?

साधा प्रश्न. आवाजाला धार नव्हती.
आता वाटतं, अंधारात जिना उतरताना
माणूस हात पुढं करतो
तसा तो होता.
मी म्हटलं, नाही हो.
गावाकडचं गाणं आहे.
झोपा तुम्ही.

तीनदा नाही. एकदाच.
कोंबडा इथं कुठला,
खिडकीखालच्या पत्र्यावर एक सीगल पाय आपटत होता,
तोच ओरडला.
सव्वापाचला मी डूगलचे डोळे मिटले,
वेळ लिहिली, सही केली.
सही करताना हात कापला नाही,
हेही लिहून घ्या.

एवढीच माझी साक्ष.
ज्याला ओळखते
त्याला ओळखत नाही म्हणाले,
आणि ते मी स्वतः ऐकलं.

कुणी आमेन म्हणालं नाही.
हीटर टकटक करत राहिला.
मिसेस कारगिल,
सहा वर्षं माझ्याशी फक्त हवामानावर बोललेल्या,
बाकावर थोड्या सरकल्या.
पर्समधून पेपरमिंटची पांढरी गोळी काढून
माझ्या तळहातावर ठेवली
आणि माझी बोटं त्यांनीच मिटवली.

बाहेर आले तर बंदराकडून धूर.
शेडमध्ये विस्तवावर हॅडॉक लोंबत होते,
शेपटीला शेपटी बांधून, जोडीजोडीनं.
रात्रपाळी संपवून येताना
ज्याच्याकडं पाहून मी नुसती मान हलवते
त्या माणसानं आज हाक मारली.
दुकान उघडायला अजून वेळ आहे, म्हणाला,
पण हा तुटलेला कोण घेणार?
गरम आहे. ये, खा.

ताटली नव्हती. मी कागद उलगडला.
पणजोबा, दुष्काळ, बोट, डॉक्टर,
सगळ्यावर तेल उतरलं.
उभ्या उभ्या काटे काढत खाल्लं.
आवडलं? त्यानं विचारलं.
तोंड भरलेलं होतं, हो म्हटलं.
वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नसावं.
आवडलं का?
हो, हो म्हटलं.

तो विस्तवाकडं वळला,
एक लाकूड सरकवलं.
मी बोटं चाटत तिथंच उभी,
तिसऱ्यांदा विचारेल म्हणून.